दगडावरचं माझं नाव

मी अजून जिवंत आहे, पण थडग्याच्या दगडावर माझं नाव कोरून सात वर्षं झाली. आमच्याकडे नवरा-बायकोतलं एक गेलं की दोघांची नावं एकदमच कोरून घेतात. दगडवाल्याला पुन्हा कोण बोलावणार! वर श्टेफान बेन्यो, जन्म १९२१, मृत्यू १९८६. खाली फिलोमेना बेन्योवा, जन्म १९२४, आणि पुढे कोरी जागा.

श्टेफान ओढ्यापलीकडचा, स्लोव्हाक. मी अलीकडची, मोरावियातली. लग्नानंतर तो माझ्या घरी राहायला आला. गेला तेव्हा त्याला पलीकडच्या टेकडीवर, त्याच्या आईबापाशेजारी ठेवलं, कारण आमच्या गावच्या दफनभूमीत दर वसंतात पाणी भरतं. सहा जणांनी पेटी खांद्यावर घेऊन ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून नेली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दगड दिसतो. ओढा म्हणजे बदकांची पोहायची जागा, याहून जास्त कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

यंदा जानेवारीत देशाचे दोन झाले, आणि आमचा ओढाच सरहद्द झाला. म्हणे, एक काचसुद्धा फुटली नाही! रेडिओवाले कौतुक करून थकत नाहीत. मी ऐकून थकले.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मेणबत्त्या घेऊन निघाले, तर साकवावर पहारेकरी. कोण, तर ओताकार. पूर्वी आमच्याकडे दुधाची गाडी आणायचा.

"काकू, ओळखपत्र दाखवा."

"मेल्या, वीस वर्षं माझ्या दारात उभा राहून खसखशीच्या पोळ्या खाल्ल्यास, आणि आता ओळख विचारतोस?"

"नियम आहे, काकू. मला काय हौस आहे?"

दाखवलं. पण थडग्यापाशी बसल्यावर एकच विचार डोकं पोखरायला लागला. जिवंत बाईला कागद लागतो, तर मेलेलीला काय लागेल?

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "देह परदेशात न्यायचा म्हणजे दोन्ही सरकारांची परवानगी, जस्ताची सीलबंद पेटी, आणि गाडी मोठ्या रस्त्याच्या नाक्यावरून. चौदा किलोमीटर वळसा."

"अहो, माझ्या खिडकीतून दिसतं ते!"

"दिसत असेल, आजी. पण परदेश आहे."

मी हात टेकले. या वयात भांडायचंसुद्धा जिवावर येतं.

माझा धाकटा दीर ओन्द्रेय पलीकडे एकटाच राहतो. त्याला सांगितलं, तर हसत सुटला. "वहिनी, मरायच्या आदल्या दिवशी निरोप धाडा. ढकलगाडी घेऊन येतो, वर गवत टाकू!"

"भावोजी, थट्टा पुरे."

मग त्याने हसणं थांबवलं. म्हणाला, "पुढची खोली रिकामीच आहे. या महिनाअखेरपर्यंत अर्ज दिलात तर आमचं नागरिकत्व सहज मिळतं. नंतर सगळी रांगच रांग."

अर्ज दिला की इकडचं नागरिकत्व जातं. घर, आलुबुखाराची अकरा झाडं, सगळं ब्र्नोला राहणाऱ्या माझ्या मुलीच्या, यारमिलाच्या गळ्यात. ती कळल्याबरोबर धावत आली.

"एका दगडासाठी मला सोडून निघालीस?"

"दगडासाठी नाही गं. तुझ्या बापासाठी."

"बाबा मेलेत, आई! मी जिवंत आहे!"

चाळीस वर्षं त्या माणसाच्या घोरण्याला शिव्या देत झोपले, आणि गेली सात वर्षं झोप म्हणून नाही. जस्ताच्या डब्यात बंद होऊन वळशाने जायचं, की आत्ता स्वतःच्या पायांनी सरळ जायचं, एवढंच माझ्या हातात होतं. मी सही केली. यारमिलाने दोन दिवस भांडी आपटून आपटून घासली.

नाताळाआधी एका दुपारी निघालो. ट्रंकेची एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. साकवाच्या मध्यावर ओताकार आडवा आला. मी कागद दाखवला. यारमिलाने खिसे चाचपले. ओळखपत्र दुसऱ्या कोटात राहिलं होतं.

"ताई, मग तुम्हाला इथूनच परत..." ओताकारला मान वर करवेना. "आज आमचे साहेब आलेत. माझी नोकरी जाईल."

पलीकडून ओन्द्रेय आला आणि त्याने तिच्या हातातली कडी घेतली. ती तशीच उभी राहिली, रिकाम्या हाताची मूठ करून.

"आई, पोचलीस की पुढच्या खोलीत दिवा लाव. मी आपल्या खिडकीतून बघेन." एवढं बोलून ती रडायला लागली.

तेव्हा, त्या फळीवर, माझ्या डोक्यात उजेड पडला. नवऱ्यापाशी जायला मला कागद लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, आणि आता माझ्या थडग्यावर मेणबत्ती लावायला माझ्या लेकीला दरवर्षी कागद दाखवावा लागणार. तो विसरला की तिला इथूनच परत फिरावं लागणार.

"वहिनी, चला, गार पडलंय," ओन्द्रेय म्हणाला.

परत फिरावंसं वाटलं. देवाशपथ वाटलं. पण सही झाली होती, आणि मी फार दमले होते. ट्रंक उचलली. त्या संध्याकाळी दिवा लावला, आणि समोर माझ्या स्वयंपाकघरातही दिवा लागलेला दिसला. ती बराच वेळ खिडकीतून हलली नाही. मीही नाही.