डावा कॅलिपर, उजवा हात
आमच्या बाबांनी तीस वर्षं एकाच पिकअपमधून काचा वाहिल्या आणि एकही तडकू दिली नाही. हे ते स्वतः सांगत नाहीत. आई सांगते, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी सांगते. त्यामुळे मंगळवारी ब्रेक दाबताच गाडी डावीकडे गेली, चाक फुटपाथवर चढलं आणि नृत्यशाळेचा सहा फुटी आरसा मागे फुटला, तेव्हा आईची ही गोष्टही त्याच्यासोबत फुटली. बाबांनी गाडीची किल्ली काच कापायच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवली.

"घे," म्हणाले. "माझा हात गेला."

हात म्हणजे उजवा. गेल्या वर्षी जिन्यावरून पडल्यावर तो सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. आता ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, म्हणजे उजव्या हातात स्टीअरिंग धरून ठेवायचा जोर उरला नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. महिनाभर जाणवत होतं म्हणे, पण एका शब्दानं बोलले नाहीत.

"डॉक्टरांनी हात ठणठणीत म्हणून सांगितलंय ना?" मी म्हटलं.

"डॉक्टर कुठे माझी गाडी चालवतात?"

बाबांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी दुकान आईवर सोपवलं आणि गाडी बाहेर काढली. पहिल्याच कोपऱ्यावर ब्रेक दाबला, गाडी डावीकडे. पुन्हा दाबला, पुन्हा डावीकडे. मी तर जन्मात कधी जिन्यावरून पडले नव्हते.

परत येऊन मी बाबांना सांगितलं, "गाडी माझ्याही हातात डावीकडेच जाते."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "तू माझ्यावरच गेलीस," म्हणाले.

मी तांब्याभर पाणी घेतलं आणि पुढच्या दोन्ही चाकांवर शिंपडलं. उजव्या चाकावरून ते मुकाट ओघळलं. डाव्या चाकावर चर्र आवाज झाला आणि वाफ आली. गाडी थंड होऊ दिली, मग पुढून जॅकवर उचलली. उजवं चाक हातानं गरागरा फिरलं, डावं जागचं हलेना. दुकानातली काच घासायची मशीन मीच उघडते नि मीच जोडते, त्यामुळे पाना हातात घ्यायला मला कोणाची परवानगी लागत नाही. मी चाक काढलं.

कॅलिपर म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकडीला धरणारी सांडशी. ब्रेक दाबला की आतला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड तबकडीला आवळतात. पाय उचलला की पकड सुटायला हवी. आमची डावी सांडशी सुटायचं नाव घेत नव्हती. तेलाची नळी तुंबली असेल का, म्हणून मी कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू, ज्याला निपल म्हणतात, तो सैल करून पाहिला. दाबून बसलेलं तेल बाहेर आलं नाही, पकडही सुटली नाही. म्हणजे नळी बरी होती. पिस्टनच गंजून अडकला होता.

बाबांना खाली वाकवून दाखवलं. "चाक अडकलं असेल," ते म्हणाले, "पण हातही गेलाच आहे."

"ठीक. शनिवारी नृत्यशाळेला नवा आरसा द्यायचाय. गाडी नीट झाली तर तो तुम्ही न्यायचा."

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

सुट्या भागांच्या दुकानदारानं बजावलं की ब्रेकचं काम जोडीनं करायचं, एक बाजू नवी नि एक जुनी ठेवली तर गाडी पुन्हा कुठेतरी ओढणार. म्हणून दोन्ही कॅलिपर नवे आणले. खोकी लगेच रद्दीत टाकली, कारण दुकानात पसारा मला खपत नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत दोन्ही कॅलिपर, नवे पॅड, सगळं घट्ट बसवून झालं आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

राहिलं होतं नळ्यांमधली हवा काढणं. त्यासाठी एकानं ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं निपल उघडायचं. मी मुद्दाम बाबांना बसवलं. निपलला पारदर्शक नळी लावून मी खाली आडवी झाले.

"दाबा. धरून ठेवा. आता सोडा."

थोडे बुडबुडे आले, मग नुसतं तेल येऊ लागलं. पण ब्रेक काही ताठ होईना. उशीवर पाय ठेवावा तसा तो थेट तळाला जायचा. वीस वेळा केलं, पंचवीस वेळा केलं. शेवटी बाबा सावकाश खाली उतरले.

"पायही गेला," म्हणाले.

तेही अगदी साधेपणानं. मी त्यांना हात परत मिळवून द्यायला निघाले होते आणि उलट त्यांचा पायही घालवून बसले. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

आई दुकानातून हे सगळं ऐकत होती. ती आली, "सरका" म्हणाली, पदर खोचून स्टीअरिंगमागे बसली आणि ब्रेक दाबला. तिचाही पाय तळाला गेला.

"माझे गुडघे दुखतात, पण पाय अजून जागेवर आहेत," ती म्हणाली. "दोघांचे एकाच दिवशी कसे जातील?"

बाबा चाकापाशी उकिडवे बसले आणि कॅलिपर निरखू लागले.

"निपल कुठे आहे गं?"

"हे काय, खाली."

ते उठले आणि आपल्या पिशवीतून लेव्हल घेऊन आले. खिडकीची काच सरळ बसली की नाही, हे आतल्या बुडबुड्यावरून सांगणारी ती पट्टी तीस वर्षं त्यांच्याजवळ आहे. त्यांनी ती माझ्या नाकासमोर उभी धरली. बुडबुडा वर गेला. पट्टी उलटी केली. बुडबुडा पुन्हा वर गेला.

"हा कधी खाली आलेला पाहिलास? तू खालून तेल काढतेस आणि हवा वर मजेत बसलीय."

निपल वर असायला हवं होतं. डावा कॅलिपर मी उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे. दोन्ही दिसायला सारखे, कोणता कुठला हे फक्त खोक्यावर लिहिलेलं, आणि खोकी रद्दीत. काचेला डावं-उजवं नसतं. फिरवली की झालं. लहानपणापासून हात त्याच सवयीचे, कॅलिपरकडे मी दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नव्हतं.

बाबा हसले. मंगळवारनंतर पहिल्यांदाच हसले, आणि असे हसले की आईला उतरून त्यांना पाणी द्यावं लागलं. मग बाह्या सरसावून ते स्वतः कॅलिपरची अदलाबदल करायला लागले. मी नको इतका आवळलेला एक बोल्ट मला काही केल्या हलेना. त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला आणि एका झटक्यात तो सोडवला. उजव्या हातानं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

या वेळी आईनं ब्रेक दाबताच निपलमधून हवा फसफसत बाहेर आली. मग ब्रेक दोन बोटं खाली गेला आणि दगडासारखा थांबला.

"घ्या," आई सीटवरून उतरत म्हणाली. "तुमचा पाय परत आला."

हात बाकी होता. दुकानामागच्या मोकळ्या रस्त्यावर बाबा गाडी घेऊन निघाले, मी शेजारी. आधी हळू जाऊन ब्रेक दाबला, मग जरा वेगानं. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगपासून बोटभर उचलले आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. ते आपल्या उजव्या तळहाताकडे बघत बसले. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि रडणं त्यांना चालत नाही.

शनिवारी आरसा त्यांनीच नेला. नृत्यशिक्षिकेनं दार उघडलं, तिनं काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "मंगळवारचा आरसा चाकामुळे गेला, माझ्या हातून नाही." तिला अर्थातच काही कळलं नाही, तरी तिनं समजुतीनं मान डोलावली.

दुकानात परतल्यावर मी हात पुढे केला. "किल्ली?"

"तुझ्याकडे कशाला?" बाबा म्हणाले. "तू आधी डावं-उजवं शिक."

आणि किल्ली खिशात टाकून ते पुढच्या काचेचं माप घ्यायला गेले.