माझ्या पोटातला सोमवार

मी माकणीच्या तालमीचा गोटा बोलतोय. दचकू नका. दगड बोलला की दचकणारी माणसं मी लई बघितली. तीच माणसं घरी दगडासारखी गप्प बसतात, तेव्हा मात्र कुणी दचकत नाही.

दगड म्हटलं की तुम्हाला वाटतं, बसला असेल एका जागी समाधानानं. कसलं समाधान! माझ्या अंगात जन्मापासून वळवळ आहे. तेरणेच्या पात्रात मोठा धोंडा होतो, तेव्हा दर पुराला थोडाथोडा गडगडत पुढं सरकायचो. आणखी काही पावसाळे मिळाले असते तर बिदर बघून आलो असतो. पण मधेच एका पाथरवटानं धरलं, फोडलं, आणि एकाचे दोन वाटोळे गोटे केले. मी आणि माझा जुळा भाऊ. जुन्या पाटलांना वेशीच्या दोन खांबांवर आम्हाला बसवायचं होतं. गोटे झाले, खांब झालेच नाहीत. पाटलांची कामं अशीच असतात.

भावाला लोकांनी मारुतीपुढं दिवा ठेवायला नेलं. तो तिथं तेल पिऊन साधू झाला. मला नेलं मदरशात, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकू द्यायला. निजामाचं राज्य, शाळा उर्दूत. सकाळी दार उघडं असायचं, मी अलिफ-बे ऐकायचो. दुपारची सुट्टी झाली की मास्तर मला लाथेनं बाहेर ढकलून, दार लावून आत झोपायचे. म्हणून माझं शिक्षण रोज निम्मंच झालं. तुम्ही हसू नका. दार सताड उघडं असून निम्मेच शिकलेले मला माहीत आहेत.

तिथून मला उचललं महालिंगप्पा वस्तादानं.

हा माणूस म्हणजे तालमीतला हकीम, न्यायाधीश आणि येडा, तिन्ही एकाच लंगोटात. सोलापूरला सर्कस बघायला गेला, तिथं पैलवानाच्या छातीला फीत लावून मोजताना कुणाला तरी पाहिलं, आणि येताना फीत घेऊनच आला. मग गावात कुणाची मान सुटली नाही. पोरांच्या मांड्या मोजल्या, दंड मोजले, म्हशीची पाठ मोजली. कुणी विचारलं, "वस्ताद, म्हशीला कुस्तीला काढता का?" तर म्हणाला, "दूध कुठनं येतंय ते बघाया नको?"

त्याला सगळ्याचा पुरावा लागायचा. एकदा एका पोराला बदाम चारले, दुसऱ्याला शेंगदाणे. कशानं ताकद येते ते बघायचं होतं. शेंगदाणेवाला रोज बदामवाल्याचे बदाम चोरून खायचा. हंगाम संपला, शेंगदाणेवाला टरारून फुगला, आणि वस्तादानं साऱ्या गावाला सांगितलं, "शेंगदाण्यात लई दम हाय!" मी सगळं बघितलं होतं. पण मला कुणी विचारलं का? नाही. मग मी कशाला बोलू? मजा बघण्यात मजा असते.

माझं काम म्हणजे रोज उचललं जाणं. तालमीच्या दारातल्या कडुलिंबाखाली मी पडलेला. झाडाच्या बुंध्यावर वस्तादानं चुन्याच्या रेघा ओढलेल्या: गुडघा, कंबर, छाती, खांदा. गोटा कुठल्या रेघेपर्यंत जातो, तेवढी पोराची ताकद. तालमीला तेव्हा सरकारची इजाजत लागायची, म्हणून एकदा अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे मोठे अंमलदार, तपासणीला आले. छडीनं मला टोचून म्हणाले, "ये पत्थर कायकू रखे?"

"उठाने को, साब," वस्ताद म्हणाला.

"उठाके किधर रखते?"

"इधरच."

"फिर उठातेच कायकू?"

ह्याचं उत्तर मला तर आजवर सुचलेलं नाही. ज्याला बिदरला जायचं होतं, त्याला उचलून उचलून परत तिथंच ठेवतात, ह्याहून मोठी थट्टा मी स्वतःसुद्धा कुणाची केलेली नाही.

तालमीतला सगळ्यात तयारीचा पोरगा बलभीम. त्याच्या आईचं नाव दगडाबाई. तेव्हा नात्यानं मी त्याचा मामाच. अंगानं वळूसारखा, मनानं वासरू. आठवड्याचे सगळे दिवस जोर, बैठका, लढती, आणि शेवटी मी. मला उचलताना त्याच्या कंबरेत काहीतरी कट्‌ करायचं. पोटाशी धरलेला दगड माणसाचं आतलं सगळं ऐकतो. पोरगा दात आवळून हसायचा. वस्तादाचं लक्ष रेघेवर. रेघ होती कंबरेची, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तिथनं वर मी सरकत नव्हतो.

बलभीमची कंबर दिसली ती इरम्माला. वस्तादाची बायको. पोटी लेकरू नाही, म्हणून तालमीतली सगळी पोरं तिची. तिला अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणायची. एक दिवस बलभीम तिच्या ओसरीवर जेवायला बसला, ते खांबाला धरून. उठला ते गुडघ्यावर हात टेकून, म्हाताऱ्यासारखा.

रात्रीची वाट न बघता तिनं नवऱ्याला कडुलिंबाखालीच गाठलं.

"अवो, सोमवारी आपल्या बैलाला जू लावता का?"

"येडी का काय? बसवण्णाचा वार. बैल धरत न्हायत सोमवारी."

"मंग ह्या बैलाला का धरता?"

"माणसाची गोष्ट येगळी. पैलवानानं एक दिवस सोडला की अंग ढिल्लं पडतं. माझ्या वस्तादानं सांगितलंय."

"तुमच्या वस्तादाला म्हातारपणी धोतर नेसवाया दोन माणसं लागत होती. ते न्हाय सांगितलं त्येनं?"

महालिंगप्पानं हातातली फीत उगाच गुंडाळली. मी आत खदखदून हसलो. पण फीतवाला माणूस तो, असा ऐकणार थोडाच! म्हणाला, "बघू. पोळ्यापासनं दिवाळीपतुर सोमवारी बलभीमला सुट्टी. गोटा कंबरेच्या वर गेला तर मानीन. न्हाय गेला तर पुन्हा सोमवारचं नाव काढायचं न्हाय."

म्हणजे पोराची कंबर आता माझ्या हातात. म्हणजे हात नाहीत मला, पण समजून घ्या.

सोमवारी तालीम ओस पडायला लागली, कारण एकाला सुट्टी म्हटल्यावर बाकीचे कसले येतात! आणि पहिल्याच मोकळ्या सोमवारी दुपारी इरम्मा आली. हातात हातोडा आणि जात्याला टाकी लावायची छिन्नी. मला जोर लावून आडवा केला, बुडाशी बसली, आणि ठक्‌... ठक्‌...

मला आधी गुदगुल्या झाल्या. मग कळलं, बाई मला कोरतेय!

येणारे-जाणारे विचारायचे, "अव्वा, काय चाललंय?"

"जात्याला टाकी लावतीय बाबा. पीठ जाडं पडतंय."

जातं घरात आणि टाकीचा आवाज कडुलिंबाखाली, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. गावात मीच एकटा दगड असल्याचा मला तेव्हा संशय आला.

सोमवारमागून सोमवार ती माझं पोट कोरत गेली. कपच्या ओटीत भरून न्यायची. खड्ड्याच्या तोंडाशी तेवढी काळी माती मळून गच्च बसवायची, वरून तालमीची धूळ फासायची, आणि मला सरळ करून जायची. मी वरून तोच गोटा, आतून हलका होत चाललेला. काय सांगू, मला किती बरं वाटायचं! उचलला की भिर्रदिशी वर. छातीची रेघ आली. दिवाळीला खांद्याची रेघ आली. बलभीमला स्वतःलाच खरं वाटेना. वस्ताद तर नाचायचाच बाकी राहिला.

"सोमवार! सोमवारात दम हाय!" असं तो गावभर सांगत सुटला. आता पुरावा मिळाला, सोमवार पक्का झाला, बलभीमच्या कंबरेला आराम पडायला लागला. गोष्ट इथं संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण पुरावा मिळालेला माणूस स्वस्थ बसत नसतो.

महालिंगप्पा गेला आण्णासाहेब पाटलांकडं, आणि दोघांनी मिळून नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेतली कुस्ती ठरवून टाकली. समोर हुमनाबादकडचा एक पैलवान. त्याला लोक हाडमोड्या म्हणत. हौसेनं नाही, अनुभवानं.

त्या सोमवारी इरम्मा आली ती हातोड्याशिवाय. माझ्याशेजारी बसली. माझ्यावर हात ठेवला.

"सांगितलं तर सोमवार जातो," ती म्हणाली. "न्हाय सांगितलं तर पोरगं जातं. तू सांग रं गोट्या, काय करू?"

मी दगड. पहिल्यांदाच मला माझ्या दगडपणाचा राग आला. एरवी मी लोकांच्या अंगठ्यावर पडायचो, तेवढंच मला येत होतं.

तिनं त्या दिवशी जेवायला वाढताना नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. मला कळलं ते असं, की दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं बघून पुटपुटली, "तोंड उघडलं की म्हणतंय, सोमवार, सोमवार. ऐकाया रिकामं कुठाय?"

निघायच्या आदल्या दिवशी सारा गाव कडुलिंबाखाली जमला. पाटील बाजल्यावर बसले. बलभीम मला डोक्यावर धरून दाखवणार, मग गाडी जुंपायची. पोरगा अंगाला तेल लावून वाकला, माझ्याभोवती हात घातले. आणि गर्दीतनं आवाज आला, "थांब बलभीम. उचलू नको. त्येला आडवा कर."

गर्दी बाजूला झाली. इरम्मा.

"ए, बाईमाणसाचं काय काम हितं?" वस्ताद खेकसला.

"माझंच काम हाय. त्येच्या पोटात."

बलभीमनं मला आडवं केलं. सगळ्यांनी वाकून बघितलं. माझ्या बुडाला धूळ, धुळीखाली माती. मातीचा गोळा मी गच्च धरून ठेवला होता. काय करू, खोडच ती!

"काय हाय? धूळ हाय," पाटील म्हणाले. लोक हसायला लागले. "पैलवानाला दिष्ट लागंल म्हून भ्याली अव्वा!" वस्तादानं तिच्याकडं असं बघितलं की तिची मान खाली गेली. तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं, आणि माझी मजा एकदम आंबट झाली.

पौषातली कोरडी हवा. काळी माती वाळली की आकसते, तडकते, हे तुम्हाला माहीत आहेच. मी धरलेलं सोडलं. गोळा सुटला तो थेट वस्तादाच्या अंगठ्यावर.

"आगंगंगं!"

मग तो खाली बसला. माझ्या पोटात त्यानं मूठ घातली. मूठ सगळी आत गेली, मनगटही गेलं.

"हे तू केलंस?"

"व्हय."

"का गं?"

"तुम्हाला पोराची कंबर दिसत न्हवती," इरम्मा म्हणाली. "रेघ दिसत हुती. मंग म्या रेघेलाच सांगितलं."

महालिंगप्पाचा हात अजून माझ्या पोटातच. मला वाटलं, आता हा उठणार आणि काहीतरी तोडणार. पण तो बलभीमला म्हणाला, "मारुतीपुढचा दुसरा गोटा आण. दिवा नीट खाली ठेव."

माझा जुळा भाऊ आला, तेलानं काळाकुट्ट, अगदी माझ्या जुन्या वजनाचा. साधू असल्यानं त्याला कुणी कोरलेलं नव्हतं. बलभीम वाकला. भाऊ कंबरेच्या रेघेपाशी आला, थबकला. मग बोट बोट करत वर सरकला आणि कंबर नि छातीच्या मधे जाऊन थांबला. खांद्याचं तर नावच नको. पण बलभीमच्या कंबरेत ह्या वेळी कट्‌ झालं नाही. भावानं मला नंतर सांगितलं.

वस्तादानं चुना मागवला. त्या मधल्या जागी नवी रेघ ओढली.

"एवढं सोमवारचं," तो म्हणाला. मग खांद्याच्या रेघेकडं बोट केलं. "बाकीचं हिच्या छिन्नीचं."

"आन्‌ नळदुर्गला शब्द गेलाय त्याचं काय?" पाटील उठून उभे राहिले. "गावाचं नाक जाईल, वस्ताद!"

"नाकाचं मी बघतो, पाटील. कंबर परत आणता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच नळदुर्गला गेला, कुस्ती मोडून आला. तिथं त्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. बरेच दिवस लोक त्याला बघून मुद्दाम विचारायचे, "वस्ताद, गोटा पोकळ का डोकं?" तो म्हणायचा, "दोन्ही. आत हात घालून बघितलंय."

पुढच्या पौषात बलभीम नळदुर्गला गेला. जिंकला का म्हणता? हरला. पण पाठीला माती लावून परत आला तो स्वतःच्या पायांनी, ताठ. इरम्मानं त्याला भाकरी वाढली आणि तो खांबाला न धरता उठला, तेव्हा ती जी हसली, तशी जिंकून आलेल्यांच्या आयासुद्धा हसत नाहीत.

आता माझं. उचलायला माझा भाऊ लागला. त्याचं साधुपण संपलं, बरं झालं. माझ्या पोटाला एवढा सुबक खड्डा पडलेला बघून इरम्मानं मला आपल्या ओसरीवर नेलं, पालथ्याचा उताणा केला आणि माझं उखळ केलं. त्यात ती शेंगदाण्याची चटणी कुटते. ठक्‌ ठक्‌ आवाज तोच, पण आता सारा गाव ऐकतो आणि कुणाला फसवत नाही. तालमीची पोरं चटणी खाऊन जातात. शेंगदाण्यात खरंच दम असावा, असा आता मलाही संशय येतो.

माझं वाईट एकच आहे. ह्या घरात सोमवारी बैल धरत नाहीत, पोरं धरत नाहीत, आणि म्हणून इरम्मा मलाही धरत नाही. "तुझाबी वार हाय आज," म्हणते आणि माझ्यावर फडकं टाकते. फडक्याखाली मी पडून राहतो, तळमळतो, बिदरची वाट आठवतो. दिवस सरता सरत नाही. मंगळवारी सकाळी मुसळ पडलं की मात्र कबूल करावं लागतं, आवाज जरा खणखणीत निघतो.

तरी तुम्हाला सांगतो, माकणीला कधी आलात तर सोमवारी या. इरम्मा वळून बघत नसेल तेव्हा मला पायानं एक धक्का द्या. ओसरीच्या कडेपर्यंत पुरे. तिथनं पुढचा उतार आहे तेरणेकडं. माझं मी बघून घेईन.