तारीख निश्चित

सरकारी कचेरीत सुट्ट्यांची यादी करणाऱ्या कारकुनाला सगळे सुट्टीराव म्हणत. खरं नाव मस्टरवर होतं, ते तिथेच राहिलं. पुढच्या वर्षी कुठल्या धर्माच्या कुठल्या सणाला कचेऱ्या, शाळा, बँका बंद राहणार, ती यादी हा माणूस बावीस वर्षं करत होता. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्या यादीतल्या चौदा सणांत त्यांचा स्वतःचा सण नव्हता.

त्यांचे लोक मूठभर, सण वर्षातून एकच. हिवाळा सरताना पहाटे पूर्वेला एक तारा उगवतो. जमातीच्या म्हाताऱ्या प्रमुखांना, म्हणजे थोरल्यांना, तो डोळ्यांनी दिसला की तोच दिवस सणाचा. दिवसभर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि दिवे लागले की पोटच्या लेकराच्या हातून पहिला घोट घ्यायचा. धुकं आलं, ढग आले, तर सण एक दिवस पुढे. एवढं साधं. पण साधं सरकारला कुठलं कळायला!

दरवर्षी सुट्टीराव फाइल वर पाठवायचे आणि दरवर्षी ती तोच शेरा घेऊन खाली यायची. 'तारीख निश्चित नाही, सबब विचार करता येत नाही.' साहेब काही वाईट माणूस नव्हते. म्हणायचे, "सुट्टीराव, सरकारला धर्म नसतो हो, पण कॅलेंडर असतं. आणि ते आधी छापावं लागतं." थोरल्यांना विचारावं तर ते खवळायचे. "तारा काय तुझ्या कचेरीत नोकरीला आहे, वर्षभर आधी तारीख कळवायला?"

मग एक दिवसाची रजा टाकता आली नसती का? आली असती की! पण यादी करणाऱ्यानेच आपल्या सणाला रजा मागायची, लोक काय म्हणतील, या धास्तीने हा भला माणूस कधी मागायलाच गेला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचा स्वभाव, दुसरं काय.

घरी ऐंशी ओलांडलेली आई आणि लग्न न केलेली मोठी बहीण, ताई. सणाच्या दिवशी आई संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायची. लेक सातला यायचा, कधी आठला. हातपाय धुऊन पाणी द्यायचा, तेव्हा ती प्यायची. ताई चिडायची, "मी काय तुझ्या पोटची नाही? पी की माझ्या हातचं." आई म्हणायची, "तू दिवसभर डोळ्यांसमोर असतेस गं. त्याची वाट बघण्यातच माझा सण जातो."

गेल्या वर्षी आईला हृदयाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने लेकाचा हात धरला. "बाळा, एका सणाला दिवसभर घरी राहा. काही करू नकोस, नुसता बस माझ्यापाशी. आता असे किती उरलेत माझे?"

सुट्टीरावांच्या काळजाला घरं पडली. त्यांनी जुन्या डायऱ्या काढल्या, बावीस वर्षांच्या सणांच्या तारखा मांडल्या, हिशेब केला आणि एक मंगळवार काढला. आयुष्यात कधी खोटं न लिहिलेल्या माणसाने फाइलवर लिहिलं, 'तारीख निश्चित,' आणि खाली सही ठोकली. फाइल मंजूर झाली. छापील यादी घरी आणली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने त्या ओळीवरून नुसतं बोट फिरवलं. आणि परत फिरवलं.

तो मंगळवार उजाडला तो धुक्यातच. थोरल्यांचा निरोप आला, "तारा नाही. सण उद्या." सुट्टीरावांचा चेहरा खर्रकन उतरला. आईने तो पाहिला.

"तुझी सुट्टी आज ना? मग आजच धरू की."

"पण आई, तारा..."

"देवाला सांगते मी, सरकारने चूक केली म्हणून. तो सरकारला ओळखतो."

दोघं दिवसभर एकमेकांपाशी बसली. आईने त्यांच्या लहानपणच्या चोऱ्यामाऱ्या काढल्या, ताई हसून हसून बेजार झाली. दिवे लागले तसं आईने लेकाच्या हातून पाणी घेतलं. त्या दिवशी दारात खुर्ची टाकायची वेळच आली नाही.

बुधवारी पहाटे आकाश लख्ख. तारा दिसला. निघताना सुट्टीरावांनी विचारलं, "आज परत नाही ना धरणार?"

"खुळा की काय? कालच झाला माझा सण. जा, उशीर होईल."

पटलं त्यांना. पटवून घ्यायचंच होतं.

कचेरीत सगळे खुशीत. "सुट्टीराव, तुमच्या देवाचं भलं होवो! फुकटची सुट्टी दिलीत." दोनदा सुट्टीराव साहेबांच्या दारापर्यंत गेले. काय सांगायचं? तारीख चुकली? सही माझी आहे? सगळ्या राज्याच्या कचेऱ्या मी भलत्याच दिवशी बंद ठेवल्या? दोनदा परत फिरले. मग साहेबांनीच बोलावलं. "पुढच्या वर्षीच्या यादीचा मसुदा आज संपवूनच जा बरं का." सुट्टीराव म्हणाले, "हो साहेब."

निघायला सात वाजून गेले. गल्लीच्या वळणावरून त्यांनी घराकडे पाहिलं. दारात खुर्ची होती. खुर्चीत आई बसली होती.

ते धावत सुटले. आईची मान एका बाजूला कलली होती, डोळा लागल्यासारखी. आतून ताई पाणी घेऊन आली, रडत. "सकाळपासून थेंब घेतला नाही रे. तुला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली मला. म्हणाली, कालचा उपास त्याच्यासाठी होता, आजचा देवाचा."

सुट्टीरावांनी गुडघ्यांवर बसून भांडं तिच्या ओठांना लावलं. "आई, आलो. पी." पाणी ओठांच्या कडेने हनुवटीवर आलं आणि लुगड्यात जिरलं. त्यांनी परत लावलं. ताईने त्यांचा हात धरला तेव्हा ते थांबले.

दुखवट्याची तीन दिवसांची रजा मंजूर झाली. कोणी काही विचारलं नाही, तारीखसुद्धा नाही.

सोमवारी साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवला. सुट्टीरावांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. डायऱ्या, हिशेब, सही, धुकं, खुर्ची.

"अहो, मग बुधवारी सांगायचं होतंत ना मला," साहेब हळूच म्हणाले. "घरी जा म्हटलं असतं मी. यादीचं काय एवढं, झाली असती सवडीने."

सुट्टीराव भर कचेरीत, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखे रडले. बुधवारी सात वाजेपर्यंत बसून संपवलेली यादी टेबलावर तशीच पडली होती. तिच्यावर अजून कोणाची सही झाली नव्हती.