ठकूचं मागणं

श्रीवर्धनच्या त्या वाडीत पोफळी इतक्या दाट होत्या की भर बारालाही खाली दिवेलागणीसारखं वाटे. अशा वेळी अंबिकेच्या विधवा सासूबाई, आनंदीबाई, रोज कपभर चहा घेऊन एकट्याच विहिरीकडे जात आणि रिकामा कप घेऊन परत येत. अंबिकेनं विचारलं नाही. सासरी डोळे उघडे आणि तोंड बंद ठेवायचं, हे तिला आईनं बजावून पाठवलं होतं. तोंड बंद ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं, तरी तिनं ठेवलं.

खरं तर सासूबाईंच्या चहाशी तिला काय करायचं होतं? ती नवऱ्यावर पुरती भाळलेली होती. विश्वंभर गावच्या शाळेत गणित शिकवी. मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं त्या वैशाखात त्यांचं लग्न झालं होतं. सुरंगीचा वळेसर तो खडूच्या खोक्यात लपवून आणी, म्हणून गजऱ्यावर नेहमी पांढरी भुकटी असे. ती फुंकून अंबिका तो केसांत माळी. वाडीतला रहाट मोडीत काढून त्यानं तेलाचं इंजिन बसवलं होतं. पंपाच्या पाइपात पाला अडकला की मास्तरपण खुंटीला टांगून स्वतःच विहिरीत उतरायचा.

अंबिकेला पाचवा महिना होता. एके दिवशी सासूबाई चहात साखर घालायला विसरल्या, म्हणून साखरेची वाटी घेऊन ती त्यांच्या मागोमाग वाडीत गेली. विहिरीच्या कठड्यावर धोतर नेसलेला एक तरुण बसला होता. मान थेट विश्वंभरसारखी कललेली. सासूबाई त्याच्या पायांशी बसून काहीतरी सांगत होत्या, आणि तो कपातला चहा संपवत होता. माजघरातल्या तसबिरीत होता तोच चेहरा. ते बापूराव होते, तिचे सासरे, विश्वंभरच्या जन्माआधीच गेलेले. वयानं ते तिच्या नवऱ्यापेक्षाही लहान दिसत होते.

अंबिकेच्या हातातली वाटी पडली. कठडा रिकामा झाला.

"बघितलंस ना," आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या, "बस आता. ऐक."

फार पिढ्यांमागे या घरात ठकू नावाची एक पोरकी मुलगी आश्रयाला होती. घरात बोडण भरलं, तेव्हा कुमारिका म्हणून तिला बसवलं. बोडण म्हणजे परातीत अन्नपूर्णा ठेवायची, तिच्यावर पुरण, दूध, दही, तूप, मध घालायचं आणि सवाष्णींनी कुमारिकेसह ते हातांनी कालवायचं. मध्येच कुमारिकेला विचारायचं, काय हवं? ती मागेल ते घालायचं. ती पुरे म्हणेस्तोवर उठायचं नाही.

"ठकूनं पाटल्या मागितल्या," आनंदीबाई म्हणाल्या. "आश्रित पोरीनं सोनं मागायचं? बायकांनी तिला दंडाला धरून उठवली. तिनं याच विहिरीत जीव दिला. जाताना म्हणाली, मला दिलं नाहीत, तुम्हालाही काही पुरतं मिळणार नाही. तेव्हापासून या घरातला पुरुष पहिल्या पोराचं तोंड बघत नाही. आणि पुरता जातही नाही. हे असे दुपारचे येतात."

"आणि हे मला आज सांगताय? माझ्या पोटात मूल असताना?"

आनंदीबाई पडलेली वाटी उचलून साखर झटकू लागल्या. मग म्हणाल्या, "सांगून काय होतं गो? जायचा तो जाणार. पण मग तुझाही इथे येईल. तेवढं तरी उरतं."

अंबिकेच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला कठड्यावरचा नवरा नको होता. पानावर बसणारा, आमटी खारट झाली म्हणून तोंड वाकडं करणारा नवरा हवा होता. ठकूचं बोडण अर्धं राहिलं होतं ना? मग ते पुरं करायचं. विधवेला बोडणाला बसता येत नाही, म्हणून सासूबाईंचा इलाज नव्हता. अंबिका सवाष्ण होती.

"नको," सासूबाई एवढंच म्हणाल्या. त्यांना या दुपारी सोडवत नाहीत, हे अंबिकेला कळलं आणि तिला त्यांचा राग आला.

तिनं मंगळवार धरला. शेजारच्या तीन सवाष्णी बोलावल्या आणि कुमारिका म्हणून त्यांच्यातल्याच एकीची लेक वेणू. सासूबाई स्वैपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. विश्वंभर ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. अंबिकेनं मनाशी पक्कं केलं होतं की काहीही मागू दे, क्षणभरही अडायचं नाही. नाही म्हटल्यानंच हे घर बुडालं होतं.

हात कोपरापर्यंत माखले. बायका गाणं म्हणत होत्या. अंबिकेनं विचारलं, "काय हवं?"

"दूध," वेणू म्हणाली.

"दिलं."

"तूप."

"दिलं."

"मध."

"दिलं." आता पाटल्या मागेल, म्हणून अंबिकेनं स्वतःच्या मनगटावरून ओढायला घेतल्या. तुपामधानं हात निसरडा झालेला, पाटल्या अलगद निघाल्या.

वेणूचा आवाज एकदम मोठ्या बाईसारखा झाला. "आणि तो," ती म्हणाली.

"दिला," अंबिका म्हणाली.

तोंडातून शब्द गेला आणि मग तिनं वर पाहिलं. वेणूचं मधानं माखलेलं बोट ओटीकडे होतं.

"पुरे," वेणू म्हणाली आणि आडवी झाली. पाणी मारल्यावर उठली, तेव्हा तिला काही आठवत नव्हतं. लाडू हवा म्हणून रडू लागली. दाराआड आनंदीबाई चौकटीला डोकं टेकून उभ्या होत्या.

अंबिका तशाच माखल्या हातांनी ओटीवर धावली. वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं होतं. इंजिनचा आवाज बंद होता. वाडीतला गडी भागोजी पायऱ्यांशी आला आणि खालीच बघत राहिला.

"वैनी, पाला अडाकला म्हून मास्तर आत उतरलं व्हतं," तो म्हणाला. "वर आलं न्हाय."

दिवस झाले. पाटल्या फडताळात तशाच राहिल्या. त्यांवरच्या मधाला मुंग्या लागल्या, तरी कुणी त्या धुतल्या नाहीत. अंबिका रडली, पण मनात कुठेतरी विहिरीवरच्या दुपारची आशा होती. बाराव्या-तेराव्याची माणसं पांगल्यावर तिनं स्वतः चहा केला, त्याला आवडे तसा आल्याचा, आणि सासूबाईंबरोबर विहिरीवर गेली. दोन कप कठड्यावर ठेवून दोघी बसल्या. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. बापूरावसुद्धा नाहीत.

"ठकूनं पाटल्या नव्हत्या मागितल्या ना?" अंबिकेनं विचारलं.

"नाही." आनंदीबाईंनी पदर तोंडाशी नेला. "तिनं घरातल्या थोरल्याचं नाव घेतलं होतं. त्यानं तिला शब्द दिला होता, आणि त्या दिवशी तो ओटीवर बसून गप्प राहिला. घराची अब्रू जाऊ नये म्हणून पाटल्या म्हणायचं ठरलं. मलाही पाटल्याच सांगितल्या होत्या. माझ्या सासूबाईंनी मरताना खरं काय ते सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सुनेला सासरची लाज कशी दाखवायची, असं वाटलं गो."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत विश्वंभर होता. अंबिकेला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून कुणाला ऐकवायचं? ठकूचं मागणं पुरं झालं, घर शापातून सुटलं होतं, आणि गेलेले आता पुरते गेले होते. पोटातलं मूल उद्या म्हातारं होऊन नातवंडं खेळवील. तिचं मात्र तेलही गेलं, तूपही गेलं. अर्धा नवरा नको म्हणून भांडली, आणि आपल्या तोंडानं अख्खा देऊन बसली.

आनंदीबाई रिकाम्या कठड्यावरून हात फिरवू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझेही नेलेस तू."

 अंबिकेनं एक कप सासूबाईंच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेतला. इतक्या वर्षांत त्या चहाला घरातल्या बाईनं कधी तोंड लावलं नव्हतं. तो गार झाला होता, पण दोघींनी पिऊन टाकला.