मशीन का माणूस

विराज भोर गावातल्या खोलीवर एकटा बसून शेळीपालनाच्या ऑनलाइन कोर्सची उत्तरं तपासतो. शेळी त्याने जवळून पाहिलेली नाही. नियम असा, की आधी दोन गोष्टींचं कौतुक करायचं, मग एक सूचना द्यायची. त्याचे अभिप्राय वाचून आजवर कुणीही त्याला उलट उत्तर दिलेलं नव्हतं.

पासली गावच्या इंद्रजितची फाइल कोरी आली. विराजने सवयीने लिहिलं, "मांडणी स्वच्छ. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. थोडा विस्तार हवा."

लगेच उत्तर आलं, "सर, रेंज गेली म्हणून कोरीच गेली. तुमी मशीन हाय का माणूस?"

विराज ताठ बसला. "माणूस आहे," त्याने लिहिलं.

"मशीन बी तेच म्हणंल. आवाज पाठवा."

विराजने रेकॉर्डिंग सुरू केलं. पण सकाळपासून तो कुणाशी बोललाच नव्हता. घशातून नुसता खोकला निघाला आणि तोच पाठवला गेला.

"खोकला माणसाचाच हाय," इंद्रजितने लिहिलं. "आल्याचा काढा घ्या, सर. जपा."

विराजने ते दोनदा वाचलं. खोकला तर केव्हाच थांबला होता. तरी त्याने पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मुद्दाम, जरा जोरात, खोकला.