एका दिवसात एकेचाळीस

साथीतल्या मृत्यूंचा रोजचा आकडा मीच मांडते. आरोग्य कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, तीनच पाय धड असलेल्या टेबलावर. त्या सकाळी आकडा आला एकेचाळीस. आदला आठवडाभर तो शून्यच होता.

साहेबांनी लाल पेन उचललं. ते एकदा उचललं की साहेब कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

"लाट परत उसळली. नर्सेसच्या रजा अजून महिनाभर बंद. पाचला आदेशावर सही करतो."

आमच्या एकुलत्या एका इस्पितळात साथीच्या वॉर्डची मुख्य नर्स माझी सख्खी ताई आहे. सात आठवडे तिचा मुक्काम तिथेच. तिची वर्षाची लेक माझ्याकडे असते, आणि हल्ली ती मलाच आई म्हणते. हे ताईला सांगायचं धाडस मला झालं नव्हतं.

पण तो आकडा काही केल्या पटेना. नवे रुग्ण सव्वा महिन्यापासून घटत होते. आज आजारी पडलेला माणूस दगावलाच तर दोन-तीन आठवड्यांनी दगावतो, त्यामुळे मृत्यू मागून येतात हे कबूल. तरी एव्हाना तेही उतरायला हवे होते.

मी तडक खाली नोंदणीच्या खोलीत गेले.

"एका दिवसात एवढे?" मी कारकुनाला विचारलं.

"एका दिवसात कुठले? मृत्यूच्या फॉर्मवर सही लागते ती इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांची, आणि तेच तीन आठवडे आडवे पडले होते. काल आले, साठलेल्या सगळ्या गठ्ठ्यावर सह्या केल्या. मी आज रजिस्टरात चढवले."

चढवले म्हणे. त्याचा गळा धरावा की गळ्यात पडावं, मला कळेना. जमिनीवरच फतकल मारली आणि कागद मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावायला घेतले. प्रत्येकावर ताईचं उजवीकडे झुकलेलं अक्षर. तीन आठवड्यांपूर्वीच्या तारखेला सहा. मग पाच, पाच, चार. पुढे काही दिवस तीन-तीन, मग दोन-दोन, मग एकेक. आणि शेवटच्या सहा दिवसांत एकही नाही. मी चक्क टाळी वाजवली. एकेचाळीस माणसांच्या कागदांत बसून टाळी वाजवली, याची लाज मला आजही वाटते.

मग हात थांबले. शेवटचे दिवस नेहमीच रिकामे दिसतात, कारण कागद अजून वाटेत असतात. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी हेच दटावून शिकवते. सहा दिवसांत कुणी गेलंच नाही, की कागद वॉर्डातच पडून आहेत? साहेब हेच विचारणार. शिवाय मला ताई घरी हवी होती, त्यामुळे माझा माझ्यावरच भरवसा नव्हता.

ताईची पाळी चारला सुटते, त्याआधी ती फोन उचलत नाही. चार वाजून दोन मिनिटांनी मी साहेबांच्या समोर उभी राहिले, तारखांचा नवा आलेख त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि स्पीकरवर फोन लावला.

"ताई, खरं सांग. शेवटच्या सहा दिवसांचे फॉर्म पाठवायचे राहिलेत का तुझ्याकडे?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"राहिले नाहीत गं," ताई म्हणाली. "लिहायलाच लागले नाहीत. कोरा गठ्ठा ड्रॉवरमध्ये तसाच आहे. मोठ्यानं बोलायची भीती वाटत होती."

साहेब आलेखाकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपण परत लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"बॅग भर ताई," मी म्हणाले. "तुझी लेक मला आई म्हणायला लागलीये. लवकर ये."