वल्ह्याला लावलेला कान

"आवाज येऊन राह्यला का, रहेमानभाऊ?" रुपीबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

रहेमान मिस्त्रीनं हातानंच तिला गप्प केलं. वल्ह्याचं पातं धरणाच्या पाण्यात आणि दांड्याला त्याचा कान. सकाळचं धुकं इतकं दाट, की हातभर लांबचं दिसत नव्हतं. तिचा नवरा उकंडा पलीकडच्या गावातून वेचणीच्या चार बायांना नावेतून आणायला गेला होता. कापसाला भाव नसला तरी वेचणी काही चुकत नाही.

"येऊन राह्यला, वैनी. इंजिन चालू हाये. रस्ता चुकला असंन."

"मंग दुसरी नाव धाडू नोको?"

"कायले? मी आयकून राह्यलो न!"

पार ढाणकी गावापर्यंतच्या पंपांची दुखणी रहेमान नुसत्या आवाजावरून सांगायचा. उकंडाच्या नावेवर पंपाचं जुनं इंजिन त्यानंच बसवलं होतं. धुक्यात नाव कुठं आहे हे तो वल्ह्यातून ऐकून सांगे, आणि लोकांनी वाहवा केली की मिशीला पीळ देई.

आज मात्र आवाज जागचा हलत नव्हता. हे त्याला कळलं होतं. पण काठावर जमलेल्या एवढ्या लोकांसमोर बोललेलं मागं कसं घ्यायचं? तासभर तो तसाच बसून राहिला.

धुकं विरलं. पलीकडच्या काठावर घनश्यामचा पंप कापसाच्या पऱ्हाटीला पाणी देत होता. तसंच इंजिन, रहेमाननंच गेल्या आठवड्यात दुरुस्त केलेलं. उकंडाची नाव पाण्यातल्या बुडालेल्या बाभळीवर आपटून उलटली होती. बाया फांद्यांना धरून होत्या. त्यांना एकेक करून वर चढवणाऱ्या उकंडाचा हात गारठून सुटला होता आणि तो बुडाला होता.

"आत्ता, घडीभरापयले," दुसऱ्या नावेतून काठावर आणल्यावर एक बाई रडत म्हणाली. "तुमच्या नावेची वाट पाहून राह्यलो होतो आमी."

रहेमानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन महिन्यांनी रुपीबाई उकंडाच्या नावेचं, पाण्यातून काढलेलं इंजिन बैलगाडीत घालून त्याच्या दुकानी आली. "चालू करून द्या, भाऊ. इकून टाकतो."

दिवसभर खपून त्यानं ते चालू केलं. ती ऐकत राहिली.

"त्या दिवशी हाच आवाज होता न?"

गावाला तो तेच सांगत आला होता.

"नाही, वैनी. तो जागचा हलत नव्हता. मले तवाच समजलं होतं. मी..."

रुपीबाईनं हातानंच त्याला गप्प केलं. टाकीतलं डिझेल संपेपर्यंत ती इंजिनाजवळ उभी राहून ऐकत होती.